सुकलूच्या मोहाखाली

भुताच्या गोष्टी मी हसण्यावारी नेतो. ही नेता येत नाही. मुखरू माझा सख्खा मामा आहे आणि त्याला खोटं बोलायला येतच नाही.

एप्रिल महिना, आलापल्लीपुढचं जंगल, दुपारचे दोन. भूत रात्रीच येतं म्हणणाऱ्यांनी इथंच थांबावं.

मुखरू वनखात्याचा फायर वॉचर. जंगलात आग लावू नका, असं गावोगाव ओरडणं हेच त्याचं काम. पण बायकोला, बुधरीला, मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून त्या सकाळी त्यानंच झाडाखालचा पाला पेटवला! दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. मग घागरभर पाणी ओतलं. भोवती आग अडवायला झाडून काढलेली जाळरेषा होतीच. त्याला वाटलं, विझली.

त्याच मोहाखाली बुधरीचा भाऊ सुकलू मागच्या वर्षी आग विझवताना जळून मेला होता.

दुपारी बुधरी झाडाखाली वेचत होती. मुखरू जाळरेषेवर उभा होता. वारा नव्हता. तरी...

सप्. सप्. सप्.

कोणीतरी हिरव्या डहाळीनं आग झोडपत होतं.

आसपास कोणीच नव्हतं.

मग मुखरूच्या पाठीमागचा, रेषेबाहेरचा पाला धुरावला... एकही ठिणगी न पडता. मोहाची मुळं सकाळपासून आतल्या आत जळत, रेषेच्या खालून बाहेर आली होती. बघता बघता झाड भडकलं. नुसत्या धगीनं लांबचे बांबू बंदुकीसारखे फुटू लागले.

"बुधरे, पळ!"

ती पळेना. तिचं मनगट कोणीतरी धरलं होतं...

काळा, सालपटलेला हात. त्यात सुकलूचं कडं.

तो तिला धुरात ओढत होता.

"सोड तिले, सुकलू! तुयी सक्की बहीण हाय थे!"

हात सुटेना. मुखरूनं खांद्यावरची कुऱ्हाड उगारली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून घातली. रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली. बुधरीला खांद्यावर टाकून तो आगीतून धावला. पाठीची कातडी सोलून निघाली.

बाहेर आल्यावर त्याला दिसलं. घाव बुधरीच्या मनगटावर बसला होता; हात तुटून आगीतच राहिला होता.

अहेरीच्या दवाखान्यात शुद्धीवर येताच ती म्हणाली, "काऊन मारलं जी? तिकडे नाला होता. भाऊ मले बाहेर काढून राह्यला होता."

मामा ढसाढसा रडला.

तिसऱ्या दिवशी आम्ही बुधरीचा तो तुटलेला हात शोधायला गेलो. झाडाखाली नुसती राख. हात सापडला नाल्यात, चांगला पन्नास पावलं लांब...

त्याला आगीची झळसुद्धा लागली नव्हती. बोटं मिटलेली होती, कोणाचा तरी हात घट्ट धरल्यासारखी.

तो उचलायची हिंमत मला झाली नाही.