समुद्राकडचं पहिलं घर

“अहो, हे टोक जरा धरता?” अक्षया म्हणाली.

घराच्या पायरीवर जाळं शिवत बसलेला तरुण नितेश उठला. तिच्या हातून मोजपट्टीचं टोक त्यानं असं अलगद घेतलं, जणू सोनचाफाच.

“काय मोजताय?”

“समुद्र कुठवर आलाय ते. ग्रामसभेनं काम दिलंय.”

“आणि मी टोक सोडलंच नाही तर?”

“तर... भरतीला आधी तुम्हीच भिजाल!”

भरतीच्या रेघेपासून पायरी जेमतेम तीस फूट. “दहा वर्षांमागं शंभर असेल गो,” त्याची आई गंगाबाई दारातून म्हणाली. अक्षयाचं हसू मावळलं.

महिनाभर ती वरच्या वाडीतून खाली येत राहिली. मोजणी केव्हाच संपली होती. पण नितेशला रोज काहीतरी दाखवायचं असायचं. कधी वाहून गेलेल्या माडांची जागा, तर कधी... नुसतंच आभाळ. भांडणही रोजचंच. त्याला दगडी बंधारा हवा होता. तिला वाटे, पुढची पाच घरं वर न्यावीत आणि किनाऱ्यावर वाळू धरून ठेवायला केवडा लावावा.

“माझं घर उठवायला निघालीस?”

“घराची नाही रे... तुझी काळजी वाटते.”

ग्रामसभेत आवाज चढले. “बंधारा घातलात तर होड्या कुठं ओढायच्या?” मासळी सुकवणाऱ्या सोनूबाई कडाडल्या. “मासळी काय तुमच्या ओटीवर वाळत घालू?”

“पण घरं ज्यांची हलायची, त्यांचं काय?” सरपंचांनी विचारलं.

नितेश उठला. अक्षयानं श्वास रोखला.

“बाबांनी बांधलेलं घर आहे. सोडताना जीव तुटेल. पण किनारा साऱ्यांचा. वर गावकीची जागा देत असाल, तर पहिलं माझं घर हलवा.”

डोळ्यांना पदर लावत गंगाबाईनं हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनीच.

बाहेर आल्यावर अक्षयानं हळूच विचारलं, “रागावलास?”

“थोडा. जागा तुमच्या घराला लागूनच आहे म्हणे. शेजारी होणार आपण.”

“मला नको तू शेजारी.”

त्याचा चेहरा उतरला. “का गो?”

“कुंपणावरून किती बोलायचं?” तिची नजर खाली गेली. “त्यापेक्षा तुझ्या आईंना विचार... घरात एक माणूस वाढलेलं चालेल का.”

“तुला विचार म्हणून आई तर कधीची मागं लागलीय. मीच घाबरत होतो.”

“आणि आता?”

सभेतली माणसं दारातून बाहेर पडत होती. त्या सगळ्यांदेखत नितेशनं तिचा हात धरला.