एक सवारी कमी

चावी ठेव खाली, राजस. ऐंशीच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतं म्हणतोस, आणि बॅलन्सिंग इंदूरला पोचल्यावर करून घेईन म्हणतोस. म्हणजे आधी लग्न, मग पत्रिका. जेवण झालंय, थंडी मरणाची आहे, सकाळी जा. मृण्मयी, गॅलरीची लाइट बंद कर ग, डोळ्यावर येते. आणि ती शाल दे इकडे.

थरथरीवरून आठवलं म्हणून सांगतो. माझ्याबाबतीत झालेलं नाही, त्यामुळे काका तिखटमीठ लावतात असं म्हणायचं नाही. अरविंदच्या तोंडून ऐकलंय. ऋषीनगरचा अरविंद, बँकेत माझ्याबरोबर होता तो. गोष्ट गेल्या वर्षीची आहे. दोन हजार पंचवीस, भोगीची रात्र, सोमवार. पौर्णिमा होती त्या दिवशी. अमावस्या नव्हती. भुतं पंचांग बघून निघतात हे तुम्हाला कोणी शिकवलं?

त्या रात्री अरविंद निघाला तो एका साध्या कामाला. गाडीची ट्रायल घ्यायला. पण त्याआधीचं थोडं ऐकावं लागेल.

अरविंदचे मोठे भाऊ रमेश, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. लग्न केलं नाही, इंदूरला एकटे राहायचे. दिवाळीनंतर गेले. अस्थी इथे उज्जैनला, सिद्धवटच्या घाटावर आणायच्या होत्या. तुम्ही पोरं भैरवगढला जाता ती छाप्याच्या चादरी घ्यायला. त्याच्याच पुढे घाटावर काय चालतं ते बघत नाही. असो. अस्थी गाडीतून आणताना एक रीत असते. कलश शेजारच्या सीटवर ठेवायचा, आणि वाटेत पूल आला, मोठं वळण आलं, की सांगायचं. नाव घेऊन सांगायचं. रमेशअण्णा, पूल आला, चला. गेलेल्या माणसाला रस्ता कळत नाही, पाणी आपलं आपण ओलांडता येत नाही. ज्याला सांगितलं नाही, तो तिथेच उभा राहतो. गुरुजींनी अरविंदला दोन-दोनदा बजावलं होतं.

अरविंद हो म्हणाला. सांवेरपर्यंत अगदी नीट सांगत आला. सांवेर सुटलं, पुढचा पूल आला, आणि नेमका तेव्हाच गौरीचा फोन. गौरी त्याची मुलगी, पुण्याला असते. तिला सातवा लागला होता. तीन वर्षांपूर्वी एकदा पाचव्या महिन्यात सगळं वाया गेलेलं, त्यामुळे घरात कोणी धड हसत सुद्धा नव्हतं. ती म्हणाली, बाबा, या वेळी डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे, मी बाळंतपणाला तिकडेच येते. आता बापाचं काय होणार? डोळे भरले, बोलत राहिला, पूल मागे पडला. गावाच्या तोंडाशी, नानाखेड्याला आल्यावर आठवलं. म्हणाला, आता कुठे परत फिरायचं? अण्णा काय लहान आहेत का?

नाही फिरला.

गौरी डिसेंबरात आली. केस नाजूक म्हणून डॉक्टरीण इंदूरची धरली. तिचं एकच सांगणं: प्रवासात धक्के नकोत. आणि त्याच सुमारास अरविंदची गाडी थरथरायला लागली. गावात काही नाही. टावर चौकातून दिवसभर फिरवा, लोण्यासारखी. हायवेवर ऐंशी झालं की स्टिअरिंग हातात नाचायला लागे, मग सीट, मग अख्खी गाडी. मी म्हटलं, अरे टॅक्सी कर. तर म्हणाला, मागच्या वेळी याच पुलावरून टॅक्सीनेच नेली होती. मला वाईट वाटलं, मी चहा मागवला.

आगर नाक्याला ओंकारचं टायरचं दुकान आहे. अरविंद त्याच्याकडे गेला. बॅलन्सिंग तुम्हाला माहीत असेल. चाक मशीनवर फिरवतात, कुठली बाजू जड आहे ते कळतं, आणि तिच्या समोर रिमवर शिशाचा तुकडा ठोकतात. ओंकारने चारही चाकं केली. मशीन झीरो. अरविंद हायवेवर गेला, पुन्हा तेच. पुढची डावी बाजू थरथरतेय असं त्याला वाटत होतं. ओंकारने डावं चाक उजवीकडे लावलं, उजवं डावीकडे. दोष चाकात असता तर चाकाबरोबर उजवीकडे गेला असता. गेला नाही. डावीकडेच राहिला. मग नवीन टायर घातले, खालचे रबर बदलले, रिम तपासली. सगळं ठीक. आणि थरथर जागच्या जागी.

शेवटी भोगीच्या दिवशी संध्याकाळी ओंकार म्हणाला, चलिए बाबूजी, मैं साथ बैठता हूँ. दोघं देवास रोडवर गेले. ऐंशी. नव्वद. शंभर.

काही नाही.

परत येऊन ओंकारला उतरवला आणि अरविंद एकटा त्याच रस्त्याला गेला. ऐंशीला थरथर सुरू. पुन्हा ओंकारला बसवला. बंद. ओंकार दुकानाच्या पायरीवर बसून हात पुसत हसला. म्हणाला, "बाबूजी, मैं अब तक वजन ढूँढ रहा था. इसमें वजन ज़्यादा नहीं है, कम है. आपकी गाड़ी में एक सवारी कम है."

तो गंमत करत होता, बरं का. अरविंदला गंमत वाटली नाही.

त्याने बायकोला, कुसुमवहिनींना, फोन केला, म्हणाला, ट्रायल घेऊन येतो, भाकऱ्या झाकून ठेव. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, गौरीला इंदूरला ॲडमिट करायचं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली. त्याला त्या रात्रीच काय ते करायचं होतं.

फार उशीर झाला नव्हता. साडेआठचा सुमार. इंदूर रोडला ट्रक चालू होते, ढाब्यांच्या लाइटी चालू होत्या. चांदणं होतं, पण शेतांवरून धुकं उतरलेलं. पुलावरून तो सांवेरकडे गेला, दुभाजकाच्या पुढच्या कटवरून वळला आणि उज्जैनकडे तोंड करून निघाला. ज्या बाजूने त्या दिवशी अस्थी घेऊन आला होता, त्याच बाजूने. ऐंशीला स्टिअरिंग नाचायला लागलं. त्याने पाय काढला. पूल आला. पुलाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली.

थांबला.

आणि टिंग… टिंग… सुरू झालं.

तुमच्या गाडीतही आहे ना ते? शेजारच्या सीटवर वजन आलं आणि बेल्ट लावला नसला, की गाडी ओरडते. पिशवी ठेवली तरी ओरडते. अरविंदने बघितलं. सीटवर पिशवी नव्हती. काहीच नव्हतं. त्याने सीटवरून हात फिरवला.

सीट गार होती.

टिंग… टिंग…

मग बंद. मग पुन्हा सुरू. कोणीतरी बसावं, उठावं, पुन्हा बसावं… तसं. बोलावलं नाही तर कसं बसायचं, असं…

आता त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत ते मला सांगू नका. अरविंद रडला. मला म्हणाला, श्रीनाथ, भीती नंतर वाटली, आधी लाज वाटली. सख्खा भाऊ दोन महिने थंडीत पुलावर उभा आहे, आणि मी शिशाचे तुकडे ठोकून घेतोय.

जीभ वळेना. कसंबसं बोलला.

"पूल आला… चला… बसा."

एवढंच.

गाडी डावीकडे जराशी खाली बसली. जाडं माणूस बसल्यावर बसते तशी. अण्णा अंगाने जाडच होते.

मग…

मागेही बसली. अगदी जराशी.

त्याने आरशात बघितलं नाही. मागे वळला नाही. गिअर टाकला. पूल ओलांडला.

टिंग टिंग चालूच होतं. साठ. सत्तर. ऐंशी… त्याने हात घट्ट धरले.

काही नाही. नव्वदलाही नाही. स्टिअरिंग एका बोटाने धरावं इतकं शांत.

नानाखेड्याला वळण आलं, त्याने सांगितलं. गावात शिरला, सांगितलं. प्रत्येक चौकाला सांगितलं. बाजूच्या ऑटोवाल्याने बघितलं असेल, म्हातारा एकटाच बडबडतोय. भैरवगढची दुकानं बंद झालेली. सिद्धवटाच्या बाहेर गाडी लावली, फिरून गेला, डावीकडचं दार उघडलं.

"उतरा, अण्णा. आलं सिद्धवट."

टिंग… टिंग…

"अण्णा, चुकलो मी."

टिंग…

थांबलं.

घाटावर कुत्रं सुद्धा भुंकलं नाही. अरविंदने तिथेच जमिनीवर डोकं टेकलं, घरी आला, अंघोळ केली आणि जेवला. मला म्हणाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीला घेऊन निघाले. कुसुमवहिनी पुढे, गौरी मागे उशा घेऊन, एकटी, पाय पसरून. गाडी अशी गेली की गौरीला झोप लागली. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप. वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी पेढे आणायला निघालोसुद्धा होतो.

मग आठवड्याने अरविंद माझ्याकडे आला. इथेच बसला, राजस बसलाय तिथे. त्याने मला हे सगळं सांगितलं. अण्णांचा विषय संपला, गाडी सुधारली, नात झाली, आणि माणसाचा चेहरा असा का, ते मला कळेना. मी सहज विचारलं, पुलावर बोलावलंस तेव्हा नाव घेतलंस ना अण्णांचं?

त्याने गाडीची चावी उचलली.



मग म्हणाला, खाली चल.

गाडी फाटकाशी उभी होती. त्याने मागचं दार उघडलं, मोबाइलची बॅटरी लावली. मागच्या सीटवर मधल्या जागेला एक पट्टा असतो, नुसता पोटावरून जाणारा, हाताने ओढून लांबआखूड करायचा. गाडी घेतल्यापासून तो सीटच्या फटीत दडपलेला होता, कोणी कधी काढलाच नव्हता. इस्पितळात गौरीला उतरवून तो उशा काढायला परत आला, तेव्हा त्याला तो दिसला. गौरीला विचारलं, तर ती म्हणाली, मी हात लावला नाही बाबा, मी तर पुलाच्या आधीच झोपले होते.

त्याने तो सोडवला नव्हता. त्याची हिंमत होत नव्हती. मी बघितला. मी सुद्धा नाही सोडवला.

पट्टा बाहेर काढलेला होता. नीट लावलेला होता. आणि आखडून घेतलेला… दोन-तीन वर्षांच्या पोराच्या पोटाला बसेल, एवढा.