काहीच न करणारी एक

कॉलेजातल्या मावशीच्या खोलीत पेन नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिची नजर गेली, तेव्हा भाचीनेच सगळी पेनं गोळा करून वाटून टाकली होती. मावशी ती उघडीच खिशात ठेवायची आणि कपडे निळे करून घ्यायची. आता खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि गणित विभागाची जुनी कपाटं, एवढाच पसारा.

दर गुरुवारी अकराचा तास संपला की भाची यायची. तीही याच विभागात शिकवायची. येताना बंद पाकिटात एक कोष्टक आणायची. एखादी वस्तू फिरवूनही तशीच दिसावी अशा जेवढ्या चाली, त्या सगळ्या त्यात असायच्या, आणि कोणत्या चालीनंतर कोणती केली की काय होतं तेही. मावशीला मात्र फक्त आकडे सांगायचे. एकूण चाली किती, दोनदा केल्यावर वस्तू मूळपदावर आणणाऱ्या किती, तीनदा केल्यावर किती. तेवढ्यावर मावशी आतली सगळी रचना घडाघडा सांगायची. वीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. भाचीला तिचा भारी अभिमान वाटायचा.

कार्यालयाच्या अधीक्षकांना मात्र ती खोली हवी होती. त्यांना सगळे पाठीमागे मोजपट्टी म्हणत.

“बाई काहीच करत नाहीत, नुसत्या बसून असतात,” ते भाचीला म्हणाले. “पाठांतर असेल हो त्यांचं. आपण पाकिटात कोरा कागद घालू. आकडे मी सांगतो, मनाला येतील ते. कोऱ्या कागदातलं त्यांनी काही वाचून दाखवलं, तर खोली रिकामी. बोला?”

नाही म्हटलं तर आपलाच मावशीवर भरवसा नाही असं दिसेल, म्हणून भाची हो म्हणून बसली. अधीक्षकांनी तिच्यासमोर कोरा कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, जोडावर सही ठोकली आणि ते शर्टाच्या खिशात टाकलं.

खोलीत बसल्यावर त्यांनी आकडे सांगितले. “एकूण बारा. दोनदावाल्या तीन. तीनदावाल्या... आठ घ्या.”

भाचीने मनातल्या मनात आकडे जुळवून पाहिले. या माणसाला गणिताचा गंध नव्हता, आणि आकडे तंतोतंत बसत होते.

“अकराच झाल्या की,” मावशी म्हणाली.

“राहिली असेल एक कुठेतरी.”

मावशी हसली. “नेहमी तीच राहते. काहीच न करणारी. वस्तू जिथल्या तिथे ठेवणारी. लोक तिला मोजतच नाहीत. पण ती नसली तर बाकीच्यांनी परत यायचं कुठे?”

अधीक्षकांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

“चार टोकांचा ठोकळा आहे,” मावशी बोलू लागली. “चारही बाजू त्रिकोणी. एक टोक धरा, उरलेली तीन फिरतात. दोन दिशांनी. झाल्या आठ. टोकं जोडीजोडीने जागा बदलतात, त्या तीन. आणि गंमत बघा. बाराचे निम्मे सहा, पण यातल्या सहांना वेगळं घर थाटता येत नाही. कोणत्याही सहा घ्या, आपसात एकीनंतर दुसरी करत गेलं की बाहेरची एक आत येतेच.”

तीन आकड्यांतून एवढं! भाचीला पुन्हा एकदा धन्य वाटलं. मग तिचं लक्ष मावशीच्या हाताकडे गेलं. बोलताना उजवा अंगठा टेबलावरून सरकत होता. डावीकडून उजवीकडे, थोडा खाली, पुन्हा डावीकडून.

बारा वेळा.

“सर,” भाची हळूच म्हणाली, “तुमचा खिसा.”

खिशावर निळा डाग पसरत होता.

अधीक्षकांनी पाकीट काढलं. सही जागच्या जागी होती. त्यांनी ते फाडलं.

आत बारा ओळींचं पूर्ण कोष्टक होतं. भाचीने एकेक घर ताडून पाहिलं. एकही चूक नव्हती. अक्षर टपोरं, किंचित डावीकडे झुकलेलं. सहा वर्षांत ते कुणी पाहिलं नव्हतं.

“खोली...” अधीक्षक उठले. “खोली राहू द्या बाईंना.” आणि ते गेले. पाकीट न्यायचंही त्यांना सुचलं नाही.

पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत मावशी कान देऊन बसली होती.

“गेली का मोजपट्टी?”

“गेली.”

“मग जरा फडकं दे गं,” ती म्हणाली आणि उजवा हात पुढे केला. अंगठा निळा झाला होता, आणि शाई अजून ओली होती.