हातभर अंतर

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि ते नेमकं ट्रेनिंगच्या पहिल्याच सकाळी आलं. टाकी, पिंप, कळश्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून मी मुकुंदवाडीहून निघाले, आणि टी.व्ही. सेंटरजवळच्या ज्या शाळेत ट्रेनिंग होतं तिचे दोन जिने धावत चढले. वर्गात शिरले तेव्हा साडीचा काठ ओला होता, दम लागला होता... आणि सगळ्या जणींच्या जोड्या लागून गेल्या होत्या.

सगळ्या जणींच्या म्हणतेय, कारण वर्गात पुरुष एकच होता. खिडकीजवळच्या खाटेपाशी तो एकटाच उभा होता. पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले, नजर फरशीवर.

"या मावशी," आम्हाला शिकवणाऱ्या अजरा सिस्टर म्हणाल्या. "उशिरा आल्या ना? मग आता या मामांबरोबर तुमची जोडी. पेशंट पेशंट असतो, बाई काय नि माणूस काय."

दवाखान्यात आयाला मावशी म्हणतात आणि वॉर्डबॉयला मामा. म्हणजे त्या नात्यानं आम्ही बहीणभाऊच लागत होतो. तरी मी दारातच थबकले, कारण शेजारच्याच खाटेवर भागूबाई बसल्या होत्या.

भागूबाई माझ्याच दवाखान्यात आया आणि माझ्याच गल्लीत राहायला. तोंडात तीळ भिजत नाही. आणि माझं घर म्हणजे माझ्या भावाचं घर. नवऱ्यानं पुण्यात दुसरा संसार मांडला, कोर्टात काडीमोड झाला, तेव्हा पुंजारामदादानं मला आत घेतलं ते एका अटीवर. म्हणाला होता, "मने, गल्लीत कुणी बोट दाखवलं तर माझं दार बंद." दादा वाईट नाही, पण बोलला की बोलला. त्या दाराची भीती उशाशी घेऊनच मी इतकी वर्षं झोपत आले.

ट्रेनिंग आमच्यासारख्यांसाठीच होतं. वर्षानुवर्षं वॉर्डात खस्ता खाल्लेल्या, पण हातात कागद नसलेल्या माणसांसाठी. नवा नियम आला होता. दिवाळीआधी सर्टिफिकेट आणा, नाहीतर कामावर येऊ नका. त्यामुळं ज्यांनी आयुष्यभर माणसं उचलली त्या बाया माणूस कसा उचलायचा हे शिकायला बसल्या होत्या, आणि वरून हसत असल्या तरी आतून सगळ्यांची पाचावर धारण बसली होती.

सिस्टरांचा पहिला नियम ऐकून तर हशाच पिकला. पेशंटला हात लावायच्या आधी काय करणार ते सांगायचं, आणि विचारायचं, चालेल का.

माझा जोडीदार पुढे आला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"ताई... मी बद्रीनाथ. पिशोरचा. आता तुमचा खांदा धरतो. चालंल का?"

"नाही म्हणलं तर?"

"तर नाय धरनार," तो गंभीरपणे म्हणाला. "पर मग मी नापास हुईन."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी एकदम थांबले. पंधरा वर्षं मी माणसांची कूस बदलली, त्यांना न्हाऊ-माखू घातलं. मला हात लावायच्या आधी आजवर कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही.

"चालंल," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज एकच सराव. अर्ध्या अंगावरून वारं गेलेल्या पेशंटला खाटेवरून उठवून खुर्चीत बसवायचं. पेशंट मी, कारण परीक्षा आधी त्याची होती. सिस्टर सांगून सांगून थकल्या, "मामा, जवळ. गुडघ्याला गुडघा लावा, मिठीत घेतल्यासारखं कमरेला धरा. लांबून ओढाल तर तुमची कमर जाईल." मिठी म्हटलं की भागूबाई खोकायच्या. बद्रीनाथ "जी" म्हणायचा आणि चार बोटं पुढे सरकायचा. आमच्यात हातभर अंतर राहायचंच. तेवढ्या अंतरावरून तो वाकायचा, हात लांब करायचा आणि मला ओढून उठवायचा.

मला त्या अंतराचा आधार वाटायचा. खरं सांगायचं तर त्या अंतरापलीकडे तो होता याचाही वाटायचा... आणि ते कळल्यावर मी जास्तच घाबरले.

एका संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळला. शाळेच्या फाटकात त्यानं छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली, स्वतः मात्र छत्रीच्या बाहेर, हात लांब करून. रिक्षापर्यंत पोचेतो शर्ट अंगाला चिकटला होता.

"अहो, आत या की. भिजाल."

"नको. तुमच्या भागूबाई मागून यायल्या."

"मग छत्री कशाला आणली, मिरवायला?"

"तुमच्यासाठी," तो म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन छत्री माझ्या हातात देऊन झपाझप निघून गेला. जाताना फुटपाथच्या पायरीवर त्यानं खांबाला धरलं. पायरी जेमतेम वीतभर होती. वीतभर पायरी चढायला चाळिशीच्या गड्याला खांब लागतो?

वॉर्डातल्या नजरेपासून काही लपत नाही. दुसऱ्या दिवशी सरावात त्यानं मला ओढलं तेव्हा मी मुद्दाम त्याच्या पाठीवर हात टेकवला. शर्टाखाली कडक पट्टा लागला. कमरेचा. आणि माझं वजन हातांवर आलं त्या क्षणी त्याचा श्वास अडकला, तो माझ्या कानाला स्पष्ट ऐकू आला.

त्यानंतर मी पेशंट राहिलेच नाही. त्यानं हात लावला की मी गुपचूप पायांवर जोर द्यायची आणि आपली आपण उठायची.

"मावशी," सिस्टरांनी चोरी पकडलीच. "तुमचा उजवा पाय गेलाय ना? गेलेला पाय असा टणकन उभा राहतो का? परीक्षेत पेशंटनं जोर लावला की मामा नापास. समजलं?"

वर्ग सुटल्यावर मी त्याला कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर गाठलं. भागूबाई रिक्षात बसून गेलेल्या पाहूनच.

"कंबर कधीपासून?"

त्यानं कप खाली ठेवला. चेहरा उतरला. "कुणाला सांगू नका. कंबर गेलेला वॉर्डबॉय कोन ठेवतो? आत्ता कागद मिळाला तर नोकरी टिकंल, नायतर..."

"मग सिस्टर रोज सांगतात तसं जवळ का उभे राहत नाय? लांबून ओढूनच जातेय ती. एखाद्या दिवशी कायमचे आडवे व्हाल."

त्यानं कपातली साय बोटानं बाजूला केली.

"तुमच्या नावासाठी," तो म्हणाला. "पहिल्या दिवशीच कळलं मला. भागूबाई खोकल्या की तुमचा चेहरा पांढराफटक पडतो. माझ्यामुळं तुमच्या नावाला काही लागाया नको."

माझ्या नावापायी हा माणूस रोज आपली कंबर मोडून घेत होता, आणि मी त्या अंतराला आधार समजत होते. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी चहा गरमच घोटला.

"मनकर्णाबाई," तो म्हणाला.

ताई नाही. पहिल्यांदाच त्यानं ताई म्हटलं नाही.

"पास झालो तर तुमच्या भावाला भेटाया येऊ? बायको वारल्यापून मी नि आई दोघंच. आईला सांगून ठिवलंय म्या..."

"काय सांगितलंय?"

"की एक बाई हायत. दुनियेला उचलत्यात, पर सोताला कुणी उचललं की लई घाबरत्यात."

"आणि आई काय म्हणाल्या?"

"म्हनली, मग तू कशाला भ्या दाखवतोस तिला?"

मी हसले. पण उत्तर दिलं नाही. दादाचं दार माझ्या डोळ्यांसमोर उभं होतं. छत्री त्याच्या हातात परत दिली आणि निघाले.

परीक्षेला बाहेरून एक साहेब आले होते. चष्मा, पेन, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. भागूबाईंची जोडी आधीच पास झाली, आणि त्या पदर सावरून आमच्या खाटेसमोरच्या बाकावर येऊन बसल्या. खेळ बघायला बसावं तशा.

"मनकर्णाबाई, आता तुम्हाला खुर्चीत बसवतो. चालंल का?"

"चालंल." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

बद्रीनाथ माझ्यासमोर उभा राहिला. हातभर अंतरावर. त्याच्या कपाळावर घाम होता आणि दातांवर दात दाबलेले. साहेब वाकून माझ्या पायाकडे बघत होते. मी जोर लावला तर तो नापास. नाही लावला, तर एवढ्या लांबून माझा सगळा भार त्याच्या त्या कमरेवर. पट्ट्याखालची ती कंबर आज टिकणार नाही हे मला कळत होतं, त्यालाही कळत होतं, आणि तरी तो एक पाऊल पुढे येणार नव्हता. त्याच्या पलीकडे भागूबाईंचे डोळे होते.

डोळ्यांसमोर दादाचा उंबरा आला, त्याच्याबाहेर ठेवलेली माझी पत्र्याची पेटी आली. इतकी भीती मला काडीमोडाच्या दिवशीही वाटली नव्हती.

"जवळ या," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"अजून जवळ. गुडघ्याला गुडघा लावा." आवाज कापत होता, पण थांबला नाही. "माझ्या नावाचं मी बघते. तुम्ही कंबर सांभाळा."

अजरा सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

तो पुढे आला. त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले, हात कमरेमागे गेले. साबणाचा वास आला, आणि शर्टाआडून त्याचं धडधडणारं काळीज जाणवलं. म्हणजे तोही माझ्याइतकाच घाबरला होता तर. मी डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. सगळं. पाय गेले, जमीन गेली... क्षणभर खाली काहीच नव्हतं, फक्त तो होता.

"एक... दोन... तीन," तो कानाशी म्हणाला. श्वास अडकला नाही त्याचा. आम्ही सावकाश वळलो, आणि मी खुर्चीत टेकले.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पेशंट, भीती वाटली का?"

"लई वाटली."

"आणि आता?"

"अजून वाटतेय, साहेब," मी म्हटलं. "पण यांची नाही."

साहेबांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "पास. पुढची जोडी."

दुपारी माझी उचलायची पाळी झाली, मीही पास झाले, आणि उतरले तर खाली जिन्याशी भागूबाई माझी वाटच बघत होत्या. "मनकर्णे, आज पुंजारामकडं यावं लागंल मला. तुझ्या भल्यासाठीच बोलते गं."

"तुम्ही कशाला त्रास घेता, मावशी? मीच सांगते."

बद्रीनाथ मागून उतरत होता. त्यानं ऐकलं होतं.

"आजच?" त्यानं विचारलं.

"आजच. उद्यापर्यंत माझा धीर टिकायचा नाही."

रिक्षा करून आम्ही मुकुंदवाडीला आलो. गल्लीत शिरलो तसे ओटे गप्प झाले. दारापाशी मी थांबले. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, मागे नाही.

कडी वाजवली. दादानं दार उघडलं. आधी मला पाहिलं, मग त्याला. त्याच्या कपाळाची शीर ताठली आणि हात दारावरच राहिला.

"दादा, हे बद्रीनाथ. पिशोरचे. दवाखान्यात काम करतात." मी एका दमात म्हणाले. "मला यांच्याशी लग्न करायचंय. गल्लीत बोट दाखवायच्या आत तुला सांगायला आले. आता यांना आत घेतोस, की माझी पेटी बाहेर आणू, तेवढं सांग."

हे उत्तर बद्रीनाथलाही मी आत्ताच देत होते. त्याचा श्वास थांबलेला मला शेजारी जाणवला.

दादा माझ्याकडे बघत राहिला, जणू इतक्या वर्षांत घरात वावरणाऱ्या बहिणीला आज पहिल्यांदा बघत होता. आतून भावजयीनं डोकावलं. समोरच्या ओट्यावर कुणीतरी खोकलं. दादानं तिकडे एकदा पाहिलं, आणि त्याचा हात दारावरून खाली आला.

"चपला आत काढा, पाव्हणं," तो म्हणाला. "बाहेर ठिवल्या की कुत्री नेत्यात."