मधल्या जागेचा दिवा

लिफ्टवाल्या आजोबांनी खोकं उघडलं तेव्हा आत माहितीपत्रक नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ते वाचलं नसतं. सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. "कागद वाचून वायर जोडणारा माणूस म्हणजे चष्मा लावून झोपणारा," असं ते म्हणत, आणि आजींनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की अर्ध्यावरच त्या उठून कामाला लागत.

काम तसं हातचा मळ होतं. गाडीच्या मागच्या सीटवर पट्ट्याचा अलार्म बसवायचा होता. वजनाने दबणारे चपटे पॅड सीटखाली, पट्ट्याच्या प्रत्येक खटक्यात एक बारका स्विच, आणि चालकासमोर चिकटवायची एक छोटी डबी. डबीवर मागच्या तिन्ही जागांचे दिवे. कुणी बसलं की त्या जागेचा दिवा लाल होणार आणि शिट्टी वाजणार. पट्टा लावला की दिवा हिरवा, शिट्टी गप्प. जागा रिकामी असेल तर दिवा विझलेला.

हे सगळं नातीसाठी, म्हणजे चिमणीसाठी चाललं होतं. शाळा सुटली की चिमणीला घरी आणायचं काम आजोबांचं, आणि त्यांचा सगळा दिवस त्या अर्ध्या तासावर उभा असे. पण एकदा चालत्या गाडीत चिमणीने पट्टा सोडला आणि मागच्या काचेला नाक लावून ती ट्रकवाल्यांना टाटा करत बसली. आजोबांना पत्ता नव्हता. रस्त्यावरून पाहिलं ते नेमकं तिच्या आईने.

"बाबा, अलार्म बसल्याशिवाय ती तुमच्या गाडीत बसणार नाही," लेक म्हणाली.

"दुकानातून माणूस पाठवू का बसवायला?" जावयाने प्रेमाने विचारलं.

लेकीचं बोलणं आजोबांनी गिळलं असतं. जावयाचं मात्र वर्मी लागलं.

म्हणून त्या दुपारी ते इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीत अर्धे शिरून बसले होते. सीटची बैठक उचकटून बाहेर काढली. पॅड ठेवले, वायरी गालिच्याखालून अशा नेल्या की शोधूनही सापडू नयेत. वर एकच ट्यूबलाइट, तीही मधूनच डोळा मारणारी. आजी शेजारी स्टुलावर बॅटरी धरून बसल्या होत्या. काम संपल्यावर आजोबा मागे सरकून ते बघत राहिले. ऊर भरून आला त्यांचा. या वयातही हात थरथरला नव्हता.

"आता ऐक," ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

मधला दिवा लाल झाला. शिट्टी वाजू लागली.

मागे कुणीच नव्हतं.

"काहीतरी चुकलं वाटतं," आजी म्हणाल्या.

तेवढं पुरे होतं. आजोबांनी पुन्हा सगळं उसकटलं. वायरी तिथेच ठेवून मधला पॅड डावीकडे टाकला, डावीकडचा मध्ये. तरी मधलाच दिवा. दोन्ही वायरी अदलाबदल करून पाहिल्या, तेव्हा डबीवरचा डावा दिवा लागला. म्हणजे पॅड खरं सांगत होता, वायर खरं सांगत होती. शेवटी त्यांनी बैठक बाहेर काढून पॅड नुसते जमिनीवर ठेवले. सगळे दिवे विझले.

"बघ!" आजोबा म्हणाले. "जोडणी चोख आहे माझी."

वायरी होत्या तशा करून त्यांनी बैठक परत बसवली. दिवे विझलेलेच. त्यांनी विजयाने आजींकडे पाहिलं.

तेवढ्यात गाडी जराशी दबली. मागे कुणी अंग टाकून बसावं, तशी. आणि मधला दिवा लाल झाला.

तळघरात ओला, कोंडलेला वास आला. आजोबांना तो ओळखीचा वाटला. लिफ्टच्या खड्ड्यात, वर्षानुवर्षं कुणी न उतरलेल्या जागी, असा वास असतो.

"अहो... उपटून टाका ते," आजी हळूच म्हणाल्या. "जावईबापूंना सांगू, नाही जमलं."

"नाही जमलं?" आजोबांचा आवाज चढला. "अगं, सगळं बरोबर लागलंय! चुकलंय कुठे?"

"तेच तर म्हणतेय मी..." आजी म्हणाल्या. "बरोबर लागलं असेल, तर मग मागे..."

पुढचं आजोबांनाही कळलं होतं, पण वायर चुकली म्हणण्यापेक्षा त्यांना दुसरं काहीही सोपं होतं. शिट्टी डोक्यात घुमत होती. त्यांनी कुणीही केलं असतं तेच केलं. मागे वाकून मधला रिकामा पट्टा ओढला आणि खटक्यात अडकवला.

दिवा हिरवा झाला. शिट्टी थांबली.

पट्टा मात्र सीटला टेकला नाही. वीतभर पुढे, फुगून राहिला. आजोबांनी तळव्याने तो मागे दाबला. तो दबला, आणि हात काढल्यावर सावकाश पुन्हा पुढे आला.

"नवीन खटका आहे, घट्ट असणारच," ते म्हणाले. आजी बॅटरी स्टुलावर ठेवून जिन्याकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी लेक आणि जावई शाळेच्या फाटकाशी तपासणीला हजर होते. चिमणीने डावीकडच्या खिडकीशी बसून पट्टा लावला, सोडला, परत लावला. लाल, शिट्टी, हिरवा, शांत. जावई खाली वाकून वायरी शोधत राहिला आणि त्याला एकही दिसली नाही.

"मानलं बाबा तुम्हाला," तो मनापासून म्हणाला. "कंपनीतून आल्यासारखं बसवलंय. पण हा मधला हिरवा कसा?"

"पट्टा लोंबकळू नये म्हणून लावून ठेवलाय," आजोबा म्हणाले. त्यांना तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं.

लेकीने खिडकीतून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जा घेऊन. उद्यापासूनही तुम्हीच आणा."

गाडी निघाली. आभाळ भरून आल्याने रस्ता संध्याकाळसारखा झाला होता. चिमणी शाळेतल्या भांडणाची हकीकत सांगत होती, आजोबा हसून हुंकार देत होते. नाल्यावरचा पूल ओलांडताना ती बोलायची थांबली. डबीवरचा डावा दिवा मिणमिणला आणि विझला. मधला हिरवाच होता.

आजोबांनी आरशात पाहिलं. चिमणी जागेवरच होती. पट्टा लावलेला, पाय हलत असलेले.

"चिमणे, नीट बस गं."

"नीटच बसलेय."

त्यांनी गाडी कडेला घेतली. मागे वळून तिच्या मांडीशेजारी तळवा टेकवला, जोराने दाबला. दिवा लागला. हात उचलला. दिवा विझला. पुन्हा दाबला... लागला. पुन्हा उचलला...

तो ओला वास आता थेट पाठीमागून येत होता. आयुष्यात कुणापुढे न काढलेले शब्द आजोबांनी काढले, आणि ते खरे असावेत म्हणून जीव तोडून काढले.

"माझंच चुकलंय. वायर चुकीची लागलीये माझ्याकडून..."

चिमणीने मान मधल्या जागेकडे कलती केली. कुणी कानात सांगत असावं तशी थांबली.

"नाही आजोबा," ती म्हणाली. "तो म्हणतोय, तुम्ही अगदी बरोबर लावलंय."

आजोबा दार उघडून धावत मागे आले. तिचा पट्टा सोडला, काखेत हात घातले आणि तिला ओढून बाहेर काढलं. अंगाने भरलेली पोर, तिला उचलताना रोज त्यांची कंबर बोलायची. तिने गळ्याला मिठी मारली. तिचे केस त्यांच्या गालाला लागत होते, श्वास मानेवर येत होता. त्यांनी तिला छातीशी आवळून धरलं, आणखी आवळलं.

हातांना काहीच वजन लागत नव्हतं.