अकरा सावल्या आणि एक काळा दगड

"पडला! पुन्हा पडला!" लंबू ओरडला आणि कंट्रोलर गादीवर आपटला.

पडद्यावरचा लाल ट्रक लाकडी पुलाच्या मधोमध पोचला होता, आणि पुलाने त्याला चक्क गिळलं होतं. आता तो करड्या पोकळीत खाली खाली चालला होता. इंजिन मात्र मिक्सरसारखं घुर्रघुर्र करतच होतं.

"सातव्यांदा," ताई म्हणाली. ती तेरा वर्षांची होती आणि मोजायचं काम नेहमी तिच्याकडे असे.

"काय भिकार गेम आहे!" शेजारचा लंबू चिडून म्हणाला. "चिखलात घाला, खडकावर घाला, ट्रक आपला पळतोय तसाच! बाकीचे ट्रक तर माळेतल्या मण्यांसारखे एकामागोमाग. एकाला तरी पुढे जायची हौस असावी की नाही?"

"हळू बोल रे!" ताईची धाकटी बहीण पिटुकली कुजबुजली. "मामा घरात आहे."

लंबूने जीभ चावली. हा गेम मामाच्याच ऑफिसात बनला होता आणि त्यातले सगळे रस्ते मामाने दोन वर्षं खपून तयार केले होते. ऑफिसात त्याला 'रस्तेवाला' म्हणत. दुकानांतून गेम धडाधड परत यायला लागले, तेव्हा मोठ्या साहेबांनी रस्तेवाल्याच्या हातात एक पत्र ठेवलं. त्यात लिहिलं होतं: चाचणीत पूल ठणठणीत होता. म्हणजे चाचणीनंतर तुम्हीच त्यात काहीतरी ढवळाढवळ केली. शुक्रवारी सकाळपर्यंत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा.

आज गुरुवार होता. बाहेर आभाळ दिवसभर शिशासारखं जड होऊन बसलं होतं, आणि मामा स्वयंपाकघरात कोऱ्या कागदासमोर. सुट्टी लागल्यापासून घरात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. आई दोनदा चहा ठेवून गेली होती. दोन्ही कप गार झाले होते.

"मामा, तू खरंच काही बदललंस का रे?" ताईने दारातूनच विचारलं.

"आठवत नाही गं." मामाने मान वर केली नाही. "अकरा वेळा तपासलंय म्हणतात. मग माझ्याच हातून काहीतरी झालं असेल. लिहून टाकतो तसं."

"असं कसं लिहून टाकतोस?" ताई म्हणाली. ताईला रडू आलं आणि त्याचाच तिला राग आला. ती तरातरा परत आली आणि मामाच्या लॅपटॉपसमोर बसली. त्यात गेमची ऑफिसातली प्रत होती. तिच्या कोपऱ्यात एक बटण होतं, जे दुकानातल्या गेममध्ये नव्हतं: 'चाचणीच्या सावल्या'.

"हे काय असतं?" लंबूने विचारलं.

"आधी कुणी ट्रक चालवला असेल तर तो सावलीसारखा दिसतो, मामा म्हणाला होता." ताईने बटण दाबलं.

अकरा धूसर ट्रक एकाच रेषेवर उभे राहिले. शिट्टी वाजली. अकराही सरळ सुटले, आणि नऊ सेकंदांत, जिथे रस्ता डावीकडे वळतो तिथे, समोरच्या काळ्या दगडावर जाऊन आदळले. आणि तिथेच थांबले! चाकं गरगर फिरत होती, ट्रक इंचभरही हलत नव्हते. पडद्याच्या कडेला वेळ चढत होती. ताईने ती भराभर पुढे ढकलली. एक तास. दोन तास. चार तास. अकरा सावल्या दगडाला नाक लावून तशाच उभ्या.

"मला नाही आवडत हे," पिटुकली ताईला चिकटून म्हणाली.

"चार तास बटण दाबून कोण बसेल?" लंबू म्हणाला. "अंगठा मोडेल की!"

मग पिटुकलीने वेणीचं रबर ओढून काढलं, कंट्रोलरभोवती दोन वेढे घालून वेगाच्या बटणावर चढवलं आणि हात वर केले. ट्रक एकटाच सुटला आणि नऊ सेकंदांत त्याच दगडावर धडकला. पडद्यावर आता बारा झाले.

"अगं पिटुकले!" ताईने तिचा गालच ओढला. "मामाला आत्ताच काही सांगायचं नाही. तो नुसता 'असू दे' म्हणेल. उद्या आपण सगळे त्याच्याबरोबर जायचं."

मामा नको नको म्हणत होता. पण आईनेच फर्मान काढलं, "घेऊन जा त्यांना. तू एकटा नको जाऊस आज."

ऑफिस तीन खोल्यांचं होतं. बोळात परत आलेल्या गेमची खोकी छातीपर्यंत रचली होती. चाचणीच्या खोलीत पडदे ओढलेले, कुंडीतलं झाड वाळलेलं आणि टेबलावर चहाच्या कपांचे गोल डाग. गेम तपासायचं काम ज्यांचं, ते तपासनीस काका खुर्चीत रेलून बसले होते. मोठे साहेब मामाचा कागद घ्यायला हात पुढे करून उभे.

मामाने कागद खिशातून काढला, तेवढ्यात पिटुकली मध्ये घुसली.

"काका, तो पुलाचा रस्ता तुम्ही चालवून दाखवाल? आम्हाला जमतच नाही!"

"आत्ता नको, बाळ. कामं आहेत."

"एकदाच! तुम्ही तर चव्वेचाळीस तास चालवलाय ना?" ताई म्हणाली. "तुमच्याइतका कुणालाच येत नसेल!"

"दाखवा हो," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "पोरं खूश होतील."

काकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी कंट्रोलर हातात घेतला. शिट्टी वाजली, ट्रक सुटला आणि धाडकन दगडावर आदळला.

"डावीकडे होतं, काका," लंबू अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाला.

दुसऱ्यांदा काका डावीकडे वळले, मग गोंधळले आणि ट्रक तळ्यात घातला. तिसऱ्यांदा ते उलट्या दिशेने निघाले!

"अहो, रस्ता कुठे जातो तेही तुम्हाला माहीत नाही?" साहेबांचा आवाज चढला.

ताईने बरोबर आणलेला मामाचा लॅपटॉप उघडून सावल्यांचं बटण दाबलं. बारा ट्रक दगडाला जाऊन भिडले. "यातला एक आमचा आहे, साहेब. वेणीच्या रबराने चालवलेला. बाकीचे अकरा कशाने चालवलेत, ते काकांना विचारा."

मग काकांनी खणातून एक जाड रबरबँड काढून टेबलावर ठेवला.

"चाचणीच्या फॉर्मवर एकच प्रश्न आहे, साहेब," ते खाली बघत म्हणाले. "चार तासांत गेम बंद पडला का? नाही पडला. मी खोटं काही लिहिलं नाही."

"कुणी केला हा असला फॉर्म?" साहेब कडाडले.

"खाली तुमचीच सही आहे," ताई म्हणाली. "तुम्ही कधी चालवलाय का हो, साहेब?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी मामाच्या हातातला कागद घेतला आणि न वाचताच फाडला. "शाबास, पोरांनो," ते हळू आवाजात म्हणाले. "आम्हा एवढ्या मोठ्या माणसांना जे दिसलं नाही, ते तुम्ही दाखवलंत. आणि रस्तेवाले, माझं चुकलं."

"चूक माझीही आहेच," मामा म्हणाला. "पुलाची एक फळी मीच बसवायची विसरलो असणार. पण एकदा, एकदा तरी कुणी त्यावरून जायला हवं होतं हो!" त्याचा आवाज फाटला. पोरांनी मामाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तो टेबलाशी बसला. फळी बसवायला त्याला दहा मिनिटं लागली.

मग लंबूने ट्रक पुलावर घातला. सगळ्यांनी श्वास रोखले. ट्रक धडधडत पार झाला! पलीकडे चढण होती, देवदारांचं दाट रान होतं आणि वळणावर मेंढ्यांचा कळप. ट्रक जवळ येताच एकेक मेंढी आपापल्या चालीने बाजूला झाली. एक कोकरू मागे राहिलं, दचकलं आणि आईकडे धावलं. खाली धुक्यात भलीमोठी दरी उघडली.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "हे... हे आपल्याच गेममध्ये आहे?"

"दोन वर्षं झाली, साहेब," मामा म्हणाला.

गेम कायमचा बंद करत असल्याचं साहेबांचं पत्र त्याच सकाळी सगळ्या दुकानांना गेलं होतं.