पाचवा डावा पाय

"जगात तसा एकच आहे, आणि काल संध्याकाळी तो चोरीला गेला," समता मेश्राम म्हणाली.

अंबादासांनी वही उघडून लिहिलं: हिरा?

"तांदळाच्या दाण्याएवढा आहे. समुद्रात साडेतीन किलोमीटर खोल सापडलेला. कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव."

अंबादासांनी हिरा खोडला. बत्तीस वर्षं सरकारी फायली हलवून निवृत्त झाल्यापासून ते शेजारच्या खासगी गुप्तहेर चंद्रप्रभा कारखानीस यांना मदत करत. ही मदत नेमकी कोण कुणाला करतं, याबद्दल दिल्लीच्या द्वारकेतल्या त्यांच्या सोसायटीत दोन मतं नव्हती.

समता मूळची वर्ध्याची. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहून जवळच्या संस्थेत संशोधन करत होती. ही नवी जात आहे हे तिनेच ओळखलं होतं. लेख स्वीकारला गेला होता, पण सोमवारी नमुना संग्रहालयात जमा झाला नाही तर तो छापला जाणार नव्हता.

"आईचं नाव दिलंय मी त्याला. चंदा. तिने अख्ख्या कॉलनीत पेढे वाटलेत, मॅडम. आणि समुद्र तिने अजून पाहिलेलासुद्धा नाही."

चंद्रप्रभाबाईंनी पर्स उचलली. "चला, अंबादासजी."

प्रयोगशाळेच्या किल्ल्या समता सोडून तिघांकडे होत्या, आणि शनिवार असूनही तिघं हजर होते. मदतनीस शंकर काचेच्या टाकीतलं पाणी बदलत होता. टाकीत एक खेकडा होता. त्याची एक नांगी दणकट, दुसरी जेमतेम नखाएवढी.

"ये ऐसा क्यों?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"टूट गई थी, मैडम. नई आ रही है. पहले छोटी ही आती है."

"और कुछ गायब है यहाँ से?"

"स्पिरिट की छोटी बोतल."

अंबादासांना एकदम सगळं कळलं. निदान तसं वाटलं. ऑफिसात शिपायांना मेमो देताना काढायचे तो आवाज त्यांनी काढला. "बोतल कहाँ गई, वो तो तुम्हारा मुँह सूँघने से पता चल जाएगा! पी के शीशी तोड़ दी, है ना?"

खोलीत सगळे होते. शंकरने फडका बादलीत पिळला आणि तो बाहेर निघून गेला.

समताचे गाइड डॉ. हेरंब साठे वैतागलेले होते. "फक्त कुपी गेलीय. तिच्यातला नमुना गेला. उजव्या बाजूचे पाय सोडवून समताने काचपट्टीवर लावलेत, ती पट्टी जागेवरच आहे."

"उजव्याच बाजूचे?"

"तशी पद्धतच आहे. नमुना एकच असला की एकच बाजू उघडायची. दुसरी पुढच्या संशोधकांसाठी तशीच ठेवायची."

"नवी जात कशावरून ठरली?"

"पाचवा पाय," समता म्हणाली. "आखूड आहे आणि टोकाला नखी नाही. बाकी सगळं एका जुन्या जातीसारखंच."

तिसरा निखिल. स्पर्धा परीक्षेच्या तीन फेऱ्या हुकल्यावर तो शास्त्रीय चित्रं काढायला लागला होता. समताची सगळी चित्रं त्याचीच. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

"शेवटचं चित्र कधी काढलंस?"

"काल दुपारी. संपादकांना डाव्या बाजूचं पूर्ण चित्र हवं होतं."

चंद्रप्रभाबाईंनी मूळ कागद मागून घेतला आणि खिडकीशी धरला. अंबादासांनीही मान लांब केली. सुंदर चित्र होतं. फक्त एका पायापाशी खोडून खोडून कागद इतका पातळ झाला होता, की पलीकडची कडुनिंबाची फांदी दिसत होती. या मुलाच्या हाताला फार घाम येतो वाटतं, एवढंच अंबादासांच्या मनात आलं.

बाई स्टुलावर बसल्या.

"चोराला ही जात चोरायची असती तर त्याने काचपट्टीही नेली असती. ती नेली नाही. म्हणजे उजव्या पायांशी त्याचं भांडण नव्हतं. त्याला लपवायची होती फक्त डावी बाजू. नमुना नष्ट करायचा असता तर कुपी मोरीत ओतून भागलं असतं. पण त्याने सोबत स्पिरिट नेलं. आतलं उडून गेलं तर भर घालायला. चोराला तो जीव जपायचा होता."

अंबादासांचे कान तापले.

"डावी बाजू कालपर्यंत कुणी पाहिली नव्हती. काल एकाने पाहिली. पाचवा पाय त्याने जसा दिसला तसा लांब काढला, खोडला, आखूड काढला, पुन्हा खोडला. शंकरच्या खेकड्याची नांगी बघा. या जीवाचा उजवा पाय कधीतरी तुटला होता आणि नवा उगवत होता. ही नवी जात नाही, समता. जुन्याच जातीतला एक जखमी जीव आहे. हो ना, निखिल?"

निखिलने बॅगेतून मोज्यात गुंडाळलेली कुपी काढली. "तुला सांगणार होतो. पण तू आईशी फोनवर बोलत होतीस, हसत होतीस. मग मी खोटा पाय काढला. ते चित्र बघवेना, म्हणून वाटलं, नमुनाच हरवला तर निदान तुझी चूक ठरणार नाही."

समता सूक्ष्मदर्शकावर वाकली. तिने नमुन्याची डावी बाजू वर केली.

"लांब आहे," ती म्हणाली. "नखीही आहे. पाय उगवतात हे मी पोरांना शिकवते, मॅडम. तरी या बाजूला वाकून बघितलं नाही. मला बघायचंच नव्हतं."

"लेखावर सही माझीही आहे," साठे हळूच म्हणाले. "तसंच जमा केलं, तर दहा वर्षं कुणी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

समताने फोन लावला. "आई, ते नाव मागे घ्यावं लागतंय. नाही, कुणी अडवलं नाही. ज्यांना पेढे दिलेस ना, त्यांना सांग, समताचं चुकलं." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. ती नुसती "हो" म्हणत राहिली आणि डोळे पुसत राहिली.

अंबादासांना तिथे उभं राहवेना. आपल्या निम्म्या वयाची पोरगी अख्ख्या कॉलनीपुढे चूक कबूल करते, आणि आपण? ते बाहेर आले. व्हरांड्याच्या टोकाला शंकर लादी पुसत होता. इकडेतिकडे बघून ते जवळ गेले आणि पुटपुटले, "शंकर, माफ करना. ग़लती हो गई."

शंकरने मान वर केली नाही. "साहब, कहा तो सबके सामने था."

अंबादास मागे वळले. मग त्यांनी प्रयोगशाळेचं दार पुरतं उघडलं. आतल्या चौघांनी वळून पाहिलं.

"शंकरजी," ते म्हणाले, "अंदर आइए."